विधी, दाखला आणि उतारशाळा : ख्रिस्ती शास्त्रातील आचारबोधाचे मराठी वाचन

१

मराठी ख्रिस्ती समाज बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो. 'बिब्लिया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ 'ग्रंथ' असा, आणि तोही अनेकवचनी आहे. मराठीत मात्र या ग्रंथसमूहाला 'शास्त्र' हे नाव मिळाले आणि त्या नावाबरोबर एक अपेक्षाही चिकटली. शास्त्र म्हणजे जे शासन करते, काय करावे व काय करू नये हे सांगते, ते. आपल्या बोलण्यातला 'शास्त्राधार' हा शब्द आचाराच्या वादात अखेरचा निर्णय देणारा असतो. उलट 'शास्त्रापुरते' हा शब्द, आचार करायचा पण नावाला, अशी पळवाटही दाखवतो. रोजच्या जगण्यासाठी ख्रिस्ती शास्त्रात स्पष्ट मार्गदर्शन मिळते, असे जेव्हा श्रद्धावान वाचक म्हणतो, तेव्हा तो या दोन शब्दांमधल्या ताणातूनच बोलत असतो.

हे विधान धर्मशास्त्रदृष्ट्या खरे की खोटे, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. एखादी संहिता आचाराला मार्गदर्शन करते म्हणजे नेमके काय करते? हे मार्गदर्शन वाक्याच्या अर्थात असते, रचनाबंधात असते, की वाचकाच्या जगण्यात ते प्रथमच आकार घेते? आणि ते 'स्पष्ट' झाले असे म्हणताना ते कोणाला स्पष्ट झाले, व त्याची किंमत कोणी मोजली? सातारा-सांगली परिसराशी संबंध असलेल्या काही घटना व साहित्यकृती यांच्या आधारे या प्रश्नांचा येथे विचार केला आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. त्यामुळे या दोहोंचा एकत्र विचार करण्यात काही ओढाताण होते असे नाही.

२

या परिसरातील मराठी वाचकाला आचारबोधाचा वाङ्मयप्रकार नवा नव्हता. सज्जनगड आणि चाफळ ही ज्या संप्रदायाची प्रमुख स्थाने, त्याचा 'दासबोध' हा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा ग्रंथ रोजच्या वागणुकीविषयी थेट बोलतो. त्याचा दुसरा दशक मूर्खलक्षणापासून सुरू होतो आणि पढतमूर्खाच्या लक्षणांशी संपतो. कसे बसावे, कसे बोलावे, कोणाशी वाद घालू नये, हे तेथे एकामागून एक सांगितले जाते. या पद्धतीला 'लक्षणपद्धती' म्हणता येईल. तीत वाचकाचे काम आपले वर्तन यादीशी ताडून पाहणे एवढेच उरते. पुढच्या काळात जोतीराव फुले यांनी, ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (१८९१) लिहिताना प्रश्नोत्तरांचा बंध स्वीकारला. तेथेही शंका विचारली जाते आणि उत्तर मिळते. दोन्ही ग्रंथांची भूमिका परस्परांहून अतिशय भिन्न असली, तरी आचार हा विधानातून सांगता येतो, या गृहीतकावर दोन्ही उभे आहेत.

असे संस्कार घेऊन आलेला वाचक ख्रिस्ती शास्त्र उघडतो, तेव्हा त्याला तेथेही लक्षणपद्धती सापडते, नाही असे नाही. 'नीतिसूत्रे' या पुस्तकाशी दासबोधाच्या वाचकाचे सहज जुळावे. परंतु याच पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रे येतात. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला धरून उत्तर देऊ नये, असे पहिले सांगते. तसे उत्तर द्यावे, असे दुसरे सांगते. दोन्हींना कारणे जोडलेली आहेत आणि दोन्ही कारणे पटणारी आहेत. संकलकाच्या नजरेतून हा विरोध निसटला असेल, हे संभवत नाही. इतकी ती सूत्रे एकमेकांना खेटून उभी आहेत. समोरचा मूर्ख कोणत्या जातीचा आणि प्रसंग कोणता, हे ओळखण्याची जबाबदारी येथे वाचकावर टाकलेली आहे. म्हणजे सर्वांत थेट वाटणाऱ्या बोधातही अर्धे काम वाक्याबाहेर राहते.

याउलट पौलाच्या नावावर असलेल्या काही पत्रांत कुटुंबातील वर्तनाच्या याद्या आहेत. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत पती, पत्नी, मुले, दास व धनी यांनी कसे वागावे, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हेही त्यांत आले. स्पष्टतेच्या निकषावर हे भाग सर्वांत वर ठरतील. पण कालबाह्यतेच्या निकषावरही तेच प्रथम येतात. वाक्य जितके स्पष्ट, तितके ते आपल्या काळाच्या समाजव्यवस्थेला घट्ट बांधलेले असते. म्हणूनच 'स्पष्टता' हा गुण निरपवादपणे आचारबोधाचे सामर्थ्य मानता येत नाही.

३

स्पष्टतेचा प्रश्न शब्दाच्या पातळीवर कसा उभा राहतो, याचे एक लहानसे उदाहरण पाहण्यासारखे आहे. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची मागणी आहे आणि मराठी भाषांतराने तेथे 'भाकर' हा शब्द योजला आहे. ज्वारीच्या मुलखात या शब्दाला स्पष्टीकरणाची गरज पडत नाही. परंतु 'रोजची' हे जे विशेषण भाकरीला लागले आहे, त्याच्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' हा अत्यंत दुर्मीळ शब्द आहे. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे तिसऱ्या शतकात ऑरिजेनला वाटले होते. त्याचा अर्थ 'आजच्यापुरती', 'जगण्यास आवश्यक', 'येणाऱ्या दिवसाची' असा वेगवेगळा लावला गेला आहे. शिवाय मत्तयाच्या पाठात मागणी 'आज'ची आहे, तर लूकच्या पाठात ती दररोजची आहे. उद्याची चिंता करू नका असे सांगणाऱ्या प्रवचनातच ही प्रार्थना येते; तिचा अर्थ 'उद्याची भाकर आज दे' असा घेतला, तर हा उपदेश आणि ही मागणी यांचे नाते नव्याने तपासावे लागते. रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचा असा हा शब्द अर्थाच्या दृष्टीने सर्वांत अनिश्चित निघावा, ही गोष्ट बोलकी आहे.

मराठी भाषांतरकारांना या अडचणींची जाणीव होती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झालेले भाषांतर, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे या हेतूने केलेले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'चे नावही हाच हेतू सांगते. हे प्रयत्न मोलाचे आहेत. पण वाक्य सुबोध होणे आणि आचार स्पष्ट होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषांतर पहिली गोष्ट साधू शकते. दुसरीसाठी संहितेच्या रचनाबंधाकडे वळावे लागते.

४

येथे आपल्या मीमांसाशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. मीमांसकांनी वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे विभाग केले. प्रवर्तक सामर्थ्य विधीचे. अर्थवादातील कथा, स्तुती, निंदा या विधीशी एकवाक्यता पावून त्याला पुष्टी देतात. त्यांना स्वतंत्र प्रामाण्य नाही. आचाराच्या दृष्टीने कथा ही नेहमीच दुय्यम, विधीच्या सेवेत असलेली. बोधकथेचा आपला रूढ वाचनसंकेतही असाच आहे. गोष्ट सांगावी आणि शेवटी तात्पर्य लिहावे. तात्पर्य हाती आले की गोष्ट विसरली तरी चालते.

येशूचे दाखले या संकेतात बसवता येतात का? लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला याच्या तपासणीस योग्य आहे. एक शास्त्री येशूला विचारतो की ज्याच्यावर प्रीती करावी असे नियमशास्त्र सांगते, तो शेजारी कोण? नीट पाहिले तर हा प्रश्न 'लक्षण' मागणारा आहे. शेजारी या शब्दाची व्याप्ती ठरली की कर्तव्याची हद्द ठरते, आणि हद्दीबाहेरच्यांविषयी निश्चिंत होता येते. उत्तरादाखल येते ती एक गोष्ट. वाटेत लुटला गेलेला, अर्धमेला माणूस. बाजूने निघून जाणारे दोन प्रतिष्ठित धार्मिक पुरुष. आणि थांबणारा एक शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परका व अशुद्ध. गोष्टीच्या शेवटी येशू मूळ प्रश्न परत करतो, पण उलटा करून. शेजारी कोणाला म्हणावे हा प्रश्न मागे पडतो. शेजारी कोण झाला, असे विचारले जाते. लक्षण मागणाऱ्याच्या हाती भूमिका येते. शास्त्री उत्तर देतो, पण 'शोमरोनी' हा शब्द उच्चारणे टाळून.

यावर मीमांसक म्हणेल की दाखल्याच्या अंती तसेच करण्याची आज्ञा आहेच. तोच विधी, आणि बाकीची गोष्ट अर्थवाद. आक्षेप सबळ आहे. परंतु या आज्ञेतील 'तसे' या शब्दाला स्वतःचा आशय नाही. तो मागे, गोष्टीकडे बोट दाखवतो. गोष्ट काढून घेतली तर विधी रिकामा होतो. म्हणजे येथे कथेला विधीचा आधार नसून विधीलाच कथेचा आधार आहे. अर्थवाद विधीच्या सेवेत असतो, हा क्रम दाखल्याने उलटा केला आहे. ख्रिस्ती शास्त्रातील आचारबोधाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य मला या उलट्या क्रमात दिसते.

'शेजारी' या मराठी शब्दाने या दाखल्याला आणखी धार आली आहे. मूळ ग्रीक 'प्लेसिऑन' म्हणजे जवळचा. मराठी गावरचनेत शेजार हा योगायोगाने ठरत नसे. आळ्या जातवार, आणि काही वस्त्या गावकुसाबाहेर. शेजारी म्हणजे बहुधा आपल्यापैकीच एक. ज्या भाषेत शेजार हा शब्दच जातीच्या नकाशावर उभा आहे, त्या भाषेत शोमरोन्याला शेजारी म्हणणे हा नुसता नैतिक उपदेश राहत नाही. तो नकाशा बदलण्याचा प्रस्ताव होतो.

५

दाखल्यात आणखी एक पात्र आहे, ज्याच्याकडे भाष्यकारांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देतो, जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगतो, आणि आपल्या वाटेने जातो. पुढची शुश्रूषा त्या मालकाला करायची आहे. करुणेचा क्षण शोमरोन्याचा. नंतरचे दिवस उतारशाळेचे. 'रोजचे जगणे' हा जर आपला विषय असेल, तर तो शोमरोन्यापेक्षा उतारशाळेशी अधिक निगडित आहे, असे म्हणावे लागेल.

या दृष्टीने नारायण वामन टिळकांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना नव्या कराराची प्रत मिळाली. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाने ते खिळून गेले. आपल्याला छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे मिळाली. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीचा व पगाराचा त्याग करून ते साताऱ्यास आले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे साताऱ्याचा हा प्रयोग दोन वर्षेही चालला नाही.

टिळकांना प्रवचनातील बोध स्पष्ट वाटला, यात शंका नाही. पण तो ज्या रूपात आचरणात आला, ते रूप संहितेत तयार नव्हते. उद्याची चिंता सोडणे, थैली न बाळगता निघणे, या गोष्टी टिळकांनी 'संन्यास' या मराठी संकेताच्या द्वारे वाचल्या. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि 'अभंगांजली'चा वाचक ती सहज मान्य करील. गाडामेर या जर्मन तत्त्वज्ञाने 'सत्य आणि पद्धती' (१९६०) या ग्रंथात असे मांडले की उपयोजन ही आकलनानंतरची पायरी नसून आकलनाचाच घटक आहे. त्यासाठी त्याने विधिशास्त्र आणि धर्मोपदेश यांची उदाहरणे घेतली. साताऱ्याचा दरबार हे अशा उपयोजनरूप आकलनाचे ठळक मराठी उदाहरण आहे. डोंगरावरील प्रवचनाचे टिळकांनी केलेले सर्वांत महत्त्वाचे भाषांतर कागदावर नाही. ते या दरबारात आहे.

६

मात्र येथे थांबणे म्हणजे शोमरोन्याबरोबर निघून जाणे होईल. टिळकांच्या घराला उतारशाळेची बाजू होती आणि ती लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवली आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' मराठी समीक्षेने प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती भाषेचा सहजपणा यांसाठी गौरवली. हा गौरव यथार्थ आहे, पण त्याने एक गोष्ट झाकली. 'स्मृतिचित्रे' हा वाचनाचाही ग्रंथ आहे. नवऱ्याने एका शास्त्राचा जो अर्थ लावला, तो अर्थ घरात कसा जगला गेला, याचे ते भाष्य आहे.

टिळक उद्याची चिंता करीत नाहीत, म्हणून ती लक्ष्मीबाईंना करावी लागते. हाती आलेला पैसा टिळक देऊन टाकतात. डबे रिकामे आहेत हे लक्ष्मीबाईंना ठाऊक असते. निराधार मुलांना, अनोळखी माणसांना टिळक घरी आणतात. त्यांचे जेवणखाण, आजारपण, हट्ट लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येतात. दाखल्यातल्या मालकाला निदान दोन नाणी आगाऊ मिळाली होती. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावीत नाहीत आणि पतीची थोरवीही नाकारीत नाहीत. त्या फक्त हिशेब मांडतात, आणि तो मांडताना हसतात. या हसण्याला समीक्षेने 'स्वभावविनोद' म्हटले. माझ्या मते ते अर्थनिर्णयनाचे साधन आहे. ज्याला बोध स्पष्ट झाला तो एक, आणि त्या स्पष्टतेची किंमत मोजणारी दुसरी, या अंतराकडे पाहण्याची ती एक रीत आहे. आज्ञेला उलट उत्तर न देता आज्ञेचे वजन किती आहे हे त्या दाखवून देतात.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आचारपालटही याच दृष्टीने लक्षणीय आहे. अन्नाच्या शुद्धाशुद्धतेविषयी 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राच्या दृष्टांताचा प्रसिद्ध भाग आहे. एखाद्या प्रचारपर पुस्तिकेने सोवळे सुटण्याच्या जागी तो हमखास आणून बसवला असता. 'स्मृतिचित्रे'त सोवळे सुटते ते वचनाच्या आधाराने नव्हे. पाणी, अन्न, सहवास यांतून लक्ष्मीबाई पायरीपायरीने पुढे जातात आणि जातिभेद माणसाने निर्माण केला, या निर्णयावर आपल्या विचाराने येतात. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आचार आधी पालटला आणि शास्त्राचा स्वीकार मागून आला. शास्त्रातून आचार निघतो, या सरळ रेषेला हा उलटा प्रवास छेद देतो. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण करताना ख्रिस्तचरित्राचा बराच मोठा भाग याच लेखणीतून उतरला. उतारशाळेच्या मालकिणीने शोमरोन्याची गोष्ट पुरी केली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

७

उतारशाळेचे दुसरे, संस्थात्मक रूप मिरजेस दिसते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८८९ मध्ये सांगलीस आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. सांगली आणि मिरज यांच्यामधील वॉनलेसवाडीने त्यांचे नाव जपले आहे. मिशनच्या कार्याचा धर्मप्रसाराशी आणि वसाहतकाळाशी असलेला संबंध नजरेआड करण्याचे कारण नाही. परंतु वाचनाच्या दृष्टीने रुग्णालय हा त्याच दाखल्याचा एक अर्थ आहे. त्यात करुणेच्या क्षणाची जागा वेळापत्रक घेते, दोन नाण्यांची जागा हिशेबाची वही घेते, आणि परिचारिकेला रोज तेच काम करावे लागते. टिळकांनी संहितेतून त्याग वाचला, मिरजेने व्यवस्था वाचली. दोन्ही अर्थ संहितेत संभवतात. दोहोंपैकी कोणताही तिने एकट्याने ठरवून दिलेला नाही.

यावर असे विचारता येईल की मग संहितेला काही म्हणायचेच नाही का, वाचक म्हणेल तो अर्थ? तसे नाही. लुटलेल्या माणसाच्या बाजूने निघून जाणे हा दाखल्याचा अर्थ कोणत्याही वाचनाने होऊ शकत नाही. दाखला कृतीचा तपशील ठरवीत नाही, पण दिशा ठरवतो. आणि दिशा ठरवताना 'माझी हद्द कोठे संपते' हा प्रश्न विचारण्याची सोय तो काढून घेतो. लक्षणांची यादी शास्त्रापुरती पाळता येते. दाखला शास्त्रापुरता पाळता येत नाही, कारण त्यात किती केले म्हणजे पुरे, हे सांगितलेलेच नसते.

ख्रिस्ती मराठी साहित्याकडे आपल्या समीक्षेने बहुधा धर्मांतराचे दस्तऐवज किंवा गद्याच्या विकासातील टप्पे म्हणून पाहिले. त्यामुळे त्यातील वाचनव्यवहार अभ्यासाबाहेर राहिला. धार्मिक संहितेचा आचाराशी असलेला संबंध तपासताना प्रवचनकार काय म्हणतो एवढेच पाहून भागणार नाही. त्या प्रवचनानंतर चूल कोणी पेटवली, हेही पाहावे लागेल. हा निकष ख्रिस्ती साहित्यापुरता मर्यादित नाही. संतचरित्रांतील उदार संतांच्या घरातल्या स्त्रिया, ज्यांना परंपरेने बहुतेक कजाग म्हणून रंगवले, त्यांच्याकडे याच निकषाने पुन्हा पाहता येईल. त्यांतल्या बहुतेकींनी आपली बाजू लिहून ठेवली नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली, आणि म्हणून डोंगरावरील प्रवचनावरचे एक समर्थ मराठी भाष्य, ते वचन फारसे उद्धृत न करणाऱ्या एका आत्मचरित्रात आपल्याला वाचायला मिळते.